हळू चालायला शिकवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

आपण नागपूरला लेकीकडे कायमच्या राहायला गेलात, त्यानंतर एक पावसाळा होऊन गेला. निरोपाच्या संध्याकाळी सोसायटीच्या सभागृहात शाल-श्रीफळ झाले, भाषणे झाली, आणि मला जे म्हणायचे होते ते राहून गेले. ते लिहून पाठवते असे मी नंतर फोनवर म्हटले, तेव्हा आपण एकच अट घातलीत, की आपले नाव कुठेही येऊ नये. ती अट पाळून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. खासगी पत्र आपल्या टेबलाच्या खणात जाऊन पडले असते. परंतु आपण मला जे दिलेत त्याची गरज असलेली माणसे मला आता जागोजागी भेटतात, आणि त्यांच्याही वाचनात ते यावे असे मला मनापासून वाटते.

2024 च्या पावसाळ्यात पुण्यात चिकुनगुन्याची साथ होती आणि तीत मीही सापडले. ताप थोड्याच दिवसांत उतरला, सांधे मात्र धरले ते धरलेच. सकाळी मूठ मिटत नसे, बरणीचे झाकण फिरत नसे, जिना उतरायचा तर कठड्याला धरून एकेक पायरी उतरावी लागे. हा आजार ताप गेल्यावरही कित्येक आठवडे, काहींच्या बाबतीत कित्येक महिने सांध्यांत रेंगाळतो, हे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. भेटायला येणारी माणसे आपुलकीने सांगत की रोज सकाळी भरभर चालत जा. आणि नेमके तेच मला जमत नव्हते. आपण आलात तेव्हा सल्ला दिला नाहीत. "गच्चीवर येऊन अर्धा तास नुसती बसशील का? माझे एक काम आहे," एवढेच म्हणालात.

ते काम म्हणजे कढीपत्त्याच्या कुंडीतल्या एका अळीवर लक्ष ठेवणे. कोवळ्या पानावर पक्ष्याची विष्ठा पडली आहे असेच मला प्रथम वाटले. लिंबावरच्या फुलपाखराची अळी लहानपणी तशीच दिसते, आणि त्यामुळेच पक्षी तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत, हे आपण सांगितलेत. पुढे कात टाकता टाकता तीच अळी पानासारखी हिरवीगार झाली. आपण गवताच्या काडीने तिच्या पाठीला अलगद स्पर्श केलात, तेव्हा तिने डोक्यामागून लालसर रंगाची दुहेरी शिंगे बाहेर काढली आणि उग्र वास सोडला. वनस्पतिशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलेल्या आपण त्या वासाने इतक्या आनंदलात, की त्या आनंदाने मीही हसले. आजार सुरू झाल्यापासून मी मोकळेपणाने हसले ती वेळ तीच असावी.

माझ्या फोनचा कॅमेरा तोवर पावत्या आणि औषधांच्या चिठ्ठ्या टिपण्यापुरता होता. रोज सकाळी त्याच अळीचे छायाचित्र काढायचे, आणि दर वेळी आदल्या दिवशीपेक्षा निराळे काढायचे, असा डाव आपण मांडलात. एक दिवस पानाखालून आकाशाकडे पाहत. एक दिवस फक्त सावली. एक दिवस फक्त कुरतडलेली कड. छायाचित्र चांगले आले की वाईट हे आपण कधीच सांगितले नाहीत. "यात तुला काय दिसले?" एवढेच विचारायचात, आणि उत्तर द्यायचे म्हणून मला पुन्हा नीट पाहावे लागे. अळीने फांदीला शेपटाकडून पकड घेतली, कमरेभोवती रेशमी धाग्याचा पट्टा बांधला आणि कोष केला, तेव्हा मला त्या जागेवरून उठवेना. फुलपाखरू बाहेर पडले त्या सकाळी आपण मुद्दाम खालच्या मजल्यावरच्या मुलांना झोपेतून उठवून वर आणलेत. काळ्या पंखांवर पिवळसर ठिपके, मागच्या पंखाच्या कडेला एक तांबडा डाग. पंख वाळेपर्यंत ते रिकाम्या कोषालाच लटकून राहिले होते आणि मुले एक शब्द न बोलता पाहत उभी होती.

आपले खेळ किती होते, बाई! पानावरच्या दवाच्या थेंबामागे जास्वंद ठेवली की थेंबात ती इवलीशी आणि उलटी दिसते, कारण थेंब भिंगाचे काम करतो. माझ्या बोटांना पाण्याचा थेंब नेमका सोडता येईना, म्हणून आपण डोळ्यांत औषध घालायची रिकामी बाटली धुऊन आणलीत. जमिनीलगतचे फूल टिपायचे तर फोन उलटा धरावा, म्हणजे त्याचे भिंग मातीजवळ येते आणि आपल्याला गुडघे टेकून वाकावे लागत नाही. ही युक्ती आपण माझ्या गुडघ्यांसाठी शोधलीत, आता ती सगळेच वापरतात. वारा असेल तर छत्रीचा आडोसा करावा, सावली गडद असेल तर पांढरा कागद धरून उजेड परतवावा, आणि पांढरे फूल असेल तर पडद्यावर बोट दाबून धरून उजेड थोडा कमी करावा, नाहीतर पाकळीवरच्या शिरा पुसल्या जातात. जितके जवळ जावे तितका स्पष्ट दिसणारा भाग कमी होत जातो, म्हणून फोन अळीच्या अंगाला समांतर धरावा, हेही आपण शिकवलेत. नियम मात्र कडक होते. फूल तोडायचे नाही, छायाचित्र बरे यावे म्हणून फांदी वाकवायची नाही, आणि घरट्याच्या जवळ तर फिरकायचेच नाही.

झाडाखाली उन्हाचे जे गोल कवडसे पडतात, ती खरे तर सूर्याचीच चित्रे असतात, हे मला साठीच्या उंबरठ्यावर आपल्याकडून कळले. पानांमधली फट कोणत्याही आकाराची असो, ती पुरेशी बारीक असली की खाली गोलच उमटतो. 26 डिसेंबर 2019 च्या सूर्यग्रहणात आपल्याकडे सूर्य खंडग्रास दिसला, तेव्हा आपण पुरणयंत्राची जाळी घेऊन गच्चीवर गेला होतात आणि जाळीच्या प्रत्येक छिद्रातून जमिनीवर एकेक चंद्रकोर पडली होती. ते छायाचित्र आपण मला दाखवलेत तेव्हापासून कवडसा दिसला की मी थांबते. ग्रहण नसले तरी थांबते.

पाय थोडे मोकळे झाल्यावर आपण मला वेताळ टेकडीवर नेलेत. पुणे शहरातली ही सर्वांत उंच जागा. तिथे पहाटेपासून माणसे झपाझप चढत-उतरत असतात, आणि माझ्यासारखीने त्यांच्या वाटेत अडथळा व्हावा याचा मला संकोच वाटत होता. आपण वाटेच्या कडेला थांबून म्हणालात, "हळू चालणाऱ्यालाच इथे काही दिसते. तुझी चाल या कामाला अगदी योग्य आहे." बाई, या एका वाक्याबद्दल मी आपली जन्मभर ऋणी राहीन. तोवर माझी चाल म्हणजे माझे दुखणे होते. त्या दिवसापासून ती पाहण्याची रीत झाली.

आणि खरोखरच किती दिसले! पहिल्या पावसानंतर काळ्या मुसळीचे सहा पाकळ्यांचे पिवळे फूल जमिनीला इतके चिकटून उमलते, की वेगाने जाणाऱ्याच्या नजरेला ते पडतच नाही. मेडशिंगीच्या वाकड्या शेंगा, सालईच्या खोडावरून कागदासारखे सुटणारे पापुद्रे, जुन्या खाणीतल्या पाण्यावर उतरणारे पक्षी, झुडपाच्या आतल्या अंधारात शेपटीचा पंखा उघडून या फांदीवरून त्या फांदीवर गिरक्या घेणारा नाचण. रुईच्या झाडापाशी तर आपण आम्हांला एक अख्खी सकाळ बसवून ठेवलेत. रुईचा विषारी चीक पचवून वाढणारी पट्टेरी अळी ते विष अंगात साठवते, तिचे नारिंगी फुलपाखरू पक्ष्यांना कडू लागते, आणि दुसऱ्याच एका जातीची निरुपद्रवी मादी हुबेहूब त्याच्यासारखे रूप घेऊन पक्ष्यांपासून वाचते. त्यानंतर नारिंगी फुलपाखरू दिसले की ते खरे की सोंग घेतलेले, हे छायाचित्रावरून ओळखण्याचा डाव आम्ही कितीदा खेळलो. मागच्या पंखावरचे काळे ठिपके मोजायचे. अनेक ठिपके असले तर खरे, एकच असला तर सोंग.

आपल्याशी एका बाबतीत माझा वाद झाला होता, तोही इथे नोंदवते. टेकडीवरचा उघडा, गवताळ भाग पाहून तिथे झाडे लावावीत असे मी म्हटले होते. आपण मला गवतात बसवलेत आणि त्यात राहणारे नाकतोडे, कोळी, टिटवीसारखे जमिनीवर अंडी घालणारे पक्षी, पावसाळ्यात उगवणाऱ्या आमऱ्या, म्हणजे जमिनीवरची ऑर्किड, यांची एकेक करून ओळख करून दिलीत. मग गिरिपुष्प या बाहेरून आणलेल्या झाडाच्या दाट लागवडीत नेऊन तिथल्या जमिनीवर काय काय उगवले आहे ते शोधायला लावलेत. फारसे काही सापडले नाही. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या टेकड्यांवरचे गवत हे ओसाड रान नसून स्वतःच एक भरलेली वस्ती आहे, हे मला तेव्हा पटले. 2023 च्या एप्रिलमध्ये ही टेकडी वाचवण्यासाठी पुणेकर मोर्चाने रस्त्यावर उतरले तेव्हा आपणही चालला होतात. ज्याला टेकडीवरची दहा झुडपे नावानिशी माहीत आहेत तो माणूस टेकडी सहजासहजी कुणाला देणार नाही, असे आपण म्हणत असा. मला ते पूर्णपणे खरे वाटते.

बागकामाकडे मी सर्वांत शेवटी वळले, कारण बोटांची भीती वाटत होती. खुरप्याच्या मुठीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून ती जाड करण्याची आपली कल्पना इतकी साधी होती, की एरवी कुणाला तिचे मोल कळणार नाही. ज्यांची बोटे आखडली आहेत त्यांना ते लगेच कळेल. सोसायटीतला पालापाचोळा जाळू न देता आपण तो गच्चीवर पिंपात भरायला लावलात, त्यात स्वयंपाकघरातला ओला कचरा आणि थोडे शेणपाणी घालून काळे, भुसभुशीत खत करवून घेतलेत. आणि लावायला काय दिलेत, तर अळ्यांना खाता येईल असे! लिंबू, सोनचाफा, कृष्णकमळ, पानफुटी. पानफुटीच्या जाड पानाच्या दोन्ही पापुद्र्यांच्या मधे राहून आतल्या आत गर खात जाणारी अळी मी उन्हाच्या दिशेने पान धरून पाहिली, तेव्हा मला क्षणभर माझ्या बोटांचा विसर पडला. आज माझ्या कुंड्यांत एकही पान धड नाही, आणि पाहुण्यांना मी ती कुरतडलेली पाने अभिमानाने दाखवते.

माझे दुखणे या सगळ्याने बरे झाले असा दावा मी करणार नाही, आणि तसे कुणी लिहिले तर आपल्याला ते आवडणारही नाही. औषधांनी, व्यायामाने आणि काळाने आपापले काम केले. थंडीच्या सकाळी बोटे अजूनही कुरकुरतात. पण त्या दिवसांत सकाळी डोळे उघडल्यावर पहिला विचार सांध्यांचा येत असे, तो हळूहळू कुंडीतल्या कोषाचा येऊ लागला. दुखत असतानाही माणसाला आनंद होऊ शकतो, आणि तो होण्यासाठी दुखणे संपण्याची वाट पाहावी लागत नाही, हे मला आपल्यामुळे अनुभवाला आले. हे मला कुणी शब्दांत सांगितले असते तर मी मान डोलावून सोडून दिले असते. आपण ते न सांगता खेळायला लावलेत.

आपल्याबरोबर आम्ही सगळे टेकडीवर जायचो, ती रविवारची फेरी आपण गेल्यावरही थांबलेली नाही, हे कळवताना मला विशेष आनंद होत आहे. मुले येतात, वरच्या मजल्यावरच्या परिचारिका रात्रपाळी संपवून थेट येतात, आणि आपले पहारेकरी काका सुट्टी असली की येतात. कुरडूची आणि फोडशीची भाजी कशी करायची, ती कोणत्या पावसात खुडायची, हे त्यांच्याइतके आमच्यापैकी कुणालाच माहीत नाही. आपण त्यांना पुढे चालायला सांगत असा, तसेच आम्हीही सांगतो. गेल्या सप्टेंबरात, देशभर फुलपाखरांच्या नोंदींचा महिना पाळला जातो तेव्हा, मुलांनी गच्चीवरच्या नोंदी स्वतः करून पाठवल्या. त्यांत आपले राज्य फुलपाखरू नीलवंत आहे. ते लिंबाच्या कुंडीवर आले आणि कुणाचेही छायाचित्र नीट येण्याआधी उडून गेले, तरी मुलांनी त्या पुसट निळ्या छायाचित्राची प्रत काढून जिन्यात लावली आहे.

बाई, आपण आता संत्र्यांच्या मुलखात राहता, म्हणजे आपल्या अळीला तिथे खायला कमी नाही. सेमिनरी हिल्सवर किंवा गोरेवाड्याच्या बाजूला फिरायला जाणे झाले तर तिथल्या एखाद्या पानाचा, सालीचा किंवा शेंगेचा अगदी जवळून टिपलेल्या तुकड्याचे छायाचित्र आम्हांला पाठवावे. आम्ही रविवारी टेकडीवर बसून ओळखू, आणि आमच्याकडचा एक तुकडा उलट पाठवू. नियम आपलेच राहतील. पहिला डाव आपण टाकावा, अशी सर्वांच्या वतीने विनंती आहे.

आपल्या प्रकृतीस जपावे. लेकीला व नातवंडांना माझे आशीर्वाद सांगावेत. आपले मनःपूर्वक आभार.

आपली कृतज्ञ,
खालच्या मजल्यावरची शेजारीण