बुधवारी नागपूरला हृदयाच्या सीटी अँजिओग्राफीला जाणाऱ्यांसाठी

राम राम मंडळी. सीटी अँजिओग्राफी म्हणजे मशीनने काढलेली हृदयाच्या रक्तवाहिन्यांची चित्रं. गाडी पहाटे ५ वाजता मारुतीच्या पारापासून निघेल.

मंगळवारपासून चहा-कॉफी बंद, तंबाखूचा खर्राही नको. ठोके वाढले की चित्र पुसट येतं. क्रिएटिनिनचा (किडनीच्या रक्त तपासणीचा) रिपोर्ट अन् रोजच्या गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या. शुगरसाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना आधीच विचारावं.

घाबरू नका. या तपासणीत हृदयापर्यंत नळी घालत नाहीत, हाताच्या शिरेतून आयोडीनचं औषध देतात. ते जाताना अंगभर ऊन ऊन वाटतं, लघवी झाल्यासारखंही वाटतं. तेवढ्यात 'श्वास रोखा' म्हणतील, तेव्हा हलू नका.

आणि आत्ताच छातीत दाबल्यासारखं होऊन घाम फुटत असेल, तर गॅस समजून सोडा पिऊन बसू नका. बुधवारची वाट न बघता अ‍ॅम्ब्युलन्ससाठी १०८ लावा.