सलाईन म्हणजे जेवण नव्हे

घणसोली, रविवार

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

काल फोनवर माझा आवाज चढला. नेरूळहून नर्सची नाईट ड्यूटी करून येताना गाडीत डोळा लागला, घणसोली मागे पडलं आणि रबाळ्याला उतरून उलटी आले. त्यात साताऱ्याला दवाखान्यात असलेल्या अण्णाकाकांच्या नाकातून पोटात अन्नाची नळी घालायला तुम्ही नको म्हणताय, आणि आई म्हणाली, "सलाईन चालू आहे की, मग अण्णांच्या पोटाची कसली काळजी?" मी तडकले. फोनवर आपलं भांडणच होतं, म्हणून लिहून पाठवतेय. बाबा, तिला मोठ्याने वाचून दाखवा.

आई, ती बाटली नुसत्या मीठपाण्याची असेल तर तिच्यात जेवण शून्य. 5 टक्के डेक्स्ट्रोजची असेल तर अर्ध्या लिटरमध्ये 25 ग्रॅम साखर, म्हणजे 100 कॅलरीसुद्धा भरत नाहीत. तुझी एक ज्वारीची भाकरी त्याहून जड. अण्णाकाका 60 किलोचे धरले तर किलोमागे 25 च्या हिशेबाने दिवसाला 1500 कॅलरी होतात. सुरुवातीचे काही दिवस याहून कमीच देतात, पण शंभरावर कुणाचं भागत नाही. बाबा म्हणतील, पडून असलेल्या माणसाला भूक कसली? पण एवढ्या आजारात अंग स्वतःचंच मांस जाळत असतं. 2013 साली लंडनच्या डॉक्टरांनी अशा पेशंटच्या मांडीचा स्नायू सोनोग्राफीने मोजला, तर दहा दिवसांत तो सरासरी 17 टक्क्यांहून जास्त घटलेला. खरं सांगायचं तर अन्न दिलं म्हणून ही झीज सगळी थांबत नाही. पण म्हणून उपाशी ठेवायचं का?

आता माझी चूक सांगते, दादालाही सांगितलेली नाही. आमच्या वॉर्डात सहा नंबरच्या बेडवर दुसरे एक काका होते, व्हेंटिलेटरवर. त्यांची बायको रोज पाचच्या भेटीला मऊ भात-तुपाचा डबा घेऊन यायची आणि तसाच परत न्यायची. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या मनगटातला लाल गंडा कोपरापर्यंत सरकायला लागला. एके दिवशी स्कॅनसाठी सकाळी सहाला फीड, म्हणजे नळीतून पोटात जाणारं पातळ अन्न, बंद केलं. स्कॅन अकराचा होता, तो चारला झाला. रात्री आठला मी ड्यूटी घेतली, हँडओव्हरमध्ये, म्हणजे आधीच्या सिस्टरने पेशंट सोपवताना, ऐकलं, "सहा नंबर, फीड होल्ड," म्हणजे तात्पुरतं बंद. मी मान डोलावली आणि पुढच्या बेडकडे गेले. रात्री दीडला इनटेकचा चार्ट भरायला घेतला तेव्हा दिसलं, फीडचा रकाना सकाळपासून कोरा. एकोणीस तास! आणि कुणी मुद्दाम उपाशी ठेवलं नव्हतं, हे जास्त लागलं. डॉक्टरांना उठवलं, नाकापाशी नळीची खूण जागेवर आहे ना ते बघितलं, डोक्याची बाजू उंच केली आणि फीड सुरू केलं. सकाळी इन्चार्ज सिस्टर रागावल्या नाहीत. हँडओव्हरच्या कागदावर त्यांनी पेनाने एक रकाना आखला, "होल्ड कधीपर्यंत?" आता कुणी होल्ड म्हणालं की मी तिथेच विचारते. काही जणींना त्याचा कंटाळा येतो. येऊ दे.

तर अण्णाकाकांच्या नळीला नाही म्हणू नका. घालताना ठसका लागतो, डोळ्यांत पाणी येतं, हे खरं आहे. पण गुंगीत घास दिला तर तो छातीत उतरायची भीती जास्त. बीपी सावरलेलं असेल तर पहिल्या 24 ते 48 तासांत फीड सुरू करायचं असतं, आणि आज तिसरा दिवस आहे. नळी जागेवर गेली का ते एक्स-रे काढून बघतात, मगच फीड सोडतात. पुढे पोट फुगलंय का, उलटी होतेय का, नळी तुंबली का, हे सगळं सिस्टरच बघते.

एक मात्र आहे. ॲडमिट व्हायच्या आधी काका आठवडाभर चहाशिवाय काही घेत नव्हते. अशा माणसाला एकदम पोटभर दिलं तर रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम झपकन खाली येतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. बाबा, दुष्काळात छावणीतून आणलेल्या बैलापुढे तुम्ही लगेच पेंडीचं घमेलं ठेवलं होतं का? तसंच हे. पहिले दोन-तीन दिवस फीड थोडं दिसलं तर कंजूषपणा करतात म्हणून ओरडू नका.

आणि आई, डाळीचं पाणी बाटलीत भरून पाठवू नकोस. गाळलं तरी ते नळीत बसतं, आणि त्यात असतं तरी काय, नावाला डाळ. ते मला कर, मी आले की.

दादाला म्हणावं, ड्यूटीवरच्या सिस्टरला नीट बोलून तीन गोष्टी विचार: फीड सुरू झालं का, दिवसभरात किती मिलि गेलं, बंद असेल तर कधीपर्यंत. आणि संध्याकाळी सातच्या आत मला फोन कर, नंतर मी वॉर्डात असते, मोबाईल लॉकरमध्ये. शनिवारची रजा टाकली आहे. मिळाली तर थेट साताऱ्याला दवाखान्यात उतरते, घरी नंतर येईन.

तुमची,
ताई