हळदीतला 'पाहुणचार'

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला व्यसनमुक्ती आणि घरच्यांची साथ हा लेख वाचला. पत्नीने चिडू नये, जुने उगाळू नये, घर हसतेखेळते ठेवावे. बरे, ठेवते. पण लेखिकाबाईंच्या मते 'घरचे' म्हणजे एकटी बायकोच दिसते. दीर, मेव्हणे, मामेभाऊ यांना एका ओळीचाही उपदेश नाही!

आमच्या ह्यांची दारू सुटून वर्ष होत आले होते. दारूपासून लांब राहावे म्हणून डॉक्टरांनी दिलेली डायसल्फिरामची गोळी रोज सकाळी आपल्या हाताने घ्यायचे. मे महिन्यात पुतण्याची हळद होती. आमच्या रायगडात हळदीची रात्र कशी असते, ते इथल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. जेवून लगेच निघायचे ठरले होते. तेवढ्यात एका जवळच्या नातेवाइकाने थंड पेयाच्या ग्लासात दारू ओतून दिली. का, तर 'बघू, खरंच सुटलीय का!' थोड्याच वेळात ह्यांचा चेहरा लालबुंद, छातीत धडधड, उलट्यांवर उलट्या. गोळी चालू असताना दारू पोटात गेली की हेच होते. गोळी बंद करून आठ-दहा दिवस झाले असले तरी होऊ शकते. रक्तदाब उतरला, रात्र सलाइनवर गेली. ते गृहस्थ दुसऱ्या दिवशी वरातीत नाचले. आणि मांडवात चर्चा कसली? 'वहिनीने असली गोळी द्यायचीच कशाला?'

ह्याला साथ म्हणायचे का, लेखिकाबाईंनी सांगावे. पुण्यात डॉ. अनिता अवचटांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात पत्नींसाठी 'सहचरी' हा वेगळा गट आहे, एवढे तरी छापायचे होते. मेव्हण्यांसाठीही एखादा गट कोणी काढावा.

आणखी एक. त्याच अंकात आतल्या पानावर 'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा, जेवणात मिसळा' अशी चौकट आहे. पुडीत काय असते, हे आपल्या जाहिरात विभागाने कधी विचारले आहे का? आमच्या डॉक्टरांनी ह्यांना सगळे समजावून, सही घेऊन मगच गोळी सुरू केली आणि चोरून कधीही द्यायची नाही, अशी मलाही तंबी दिली. पुरवणीत समुपदेशन आणि आत पुडी, असा कारभार आपल्याला शोभत नाही. जाहिरातीचे पैसे मिळतात हे कळते, पण ती बंद करावी.

माझे नाव छापू नये. तालुक्याचे जरूर छापा, ज्याला कळायचे त्याला कळेल.

आपली,
एक वाचक, ता. पेण