अण्णांना पत्र: टेबलाला बांधलेलं स्टेअरिंग

बॉन, रविवार

ती. अण्णांस साष्टांग नमस्कार.

परवा व्हिडिओ कॉलवर टेबलाला बांधलेलं स्टेअरिंग बघून तुम्ही विचारलंत, "हे काय नवीन खूळ?" मी तोंड उघडायच्या आत आईने फोन घेतला आणि विषय इथे मेथी मिळते का यावर गेला. म्हणून सविस्तर लिहितोय. आईलाही वाचून दाखवा. किंमत मुद्दामच लिहिलेली नाही.

ते स्टेअरिंग प्लेस्टेशनवरच्या मोटार शर्यतीच्या गेमसाठी आहे, गेमचं नाव ग्रान टुरिस्मो 7. पहिला भाग डिसेंबर 1997 मध्ये जपानात आला, हा सातवा मार्च 2022 मध्ये. त्याचे कर्ते काझुनोरी यामाउची स्वतः शर्यतीत गाडी चालवतात, इथल्या नुरबुर्गरिंग ट्रॅकवरच्या 24 तासांच्या शर्यतीत उतरलेले आहेत, आणि ते गेममध्ये जाणवतं. गाड्या चारशेच्या वर, बहुतेक सगळ्या खऱ्या कंपन्यांच्या. सुझुकीची स्विफ्ट स्पोर्टसुद्धा आहे, दाजींच्या स्विफ्टपेक्षा बरीच तापट. बटण दाबून समोरच्या गाड्या उडवायच्या असतात, तसला हा गेम नाही. पण व्यावसायिक ड्रायव्हर ज्यावर सराव करतात तसला पक्का सिम्युलेटरही नाही. मधला आहे.

सुरुवातीला कोणी फेरारी देत नाही. जेमतेम पैसे हातात ठेवतात आणि छोट्या जपानी गाड्यांतून एक निवडा म्हणतात. मी होंडा फिट घेतली, आपल्याकडे ती जॅझ म्हणून विकायचे. शिवाय लायसन्स काढावं लागतं! पहिली परीक्षा काय, तर गाडी सुरू करून पुढे न्यायची आणि आखलेल्या चौकटीत थांबवायची. पास होणं सोपं, पण ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड असे दर्जे आहेत आणि गोल्डसाठी माणूस रात्रीचे दोन वाजवतो. साताऱ्याच्या आरटीओच्या मैदानावर आठ काढताना एवढा घाम आला नव्हता. (जर्मनीचं खरं लायसन्स काढताना मात्र आला. आपलं लायसन्स इथे सहा महिनेच चालतं, मग लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा पुन्हा.)

आता मुद्द्याचं. या गेमने सगळ्यात नीट पकडलंय ते गाडीचं वजन. सरळ रस्त्यावर कोणीही पळवतो. ब्रेक दाबला की वजन पुढच्या चाकांवर येतं आणि मागची हलकी होतात. तेवढ्यात स्टेअरिंग हिसडलं तर गाडीचं ढुंगण बाहेर जातं. उलट, ऐन वळणात रेस दिली की पुढची चाकं हलकी होतात, आणि फिटसारखी पुढच्या चाकांनी ओढणारी गाडी वळायचं सोडून सरळ बाहेर निघते. टायरची पकड ठरलेली असते. तुम्ही ती सगळी ब्रेकमध्ये खर्च केलीत तर वळायला काही उरत नाही. पसरणीच्या घाटात एसटी चालवताना तुम्ही वळण यायच्या आधीच वेग उतरवायचात, गिअर खाली घ्यायचात आणि मग आरामात स्टेअरिंग फिरवायचात. इंजिनाशेजारच्या सीटवर बसून मला वाटायचं, प्रवाशांना उलट्या होऊ नयेत म्हणून करत असतील. त्यामागचा हिशोब मला या गेमने समजावला.

स्टेअरिंगच्या आत मोटर आहे. चाकं रस्त्यावर जे सोसतात ते ती हाताला कळवते. पकड सुटायला लागली की स्टेअरिंग एकदम हलकं पडतं, आणि डोळ्यांना दिसायच्या आधी ते हातांना समजतं. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत अडीच फेरे, म्हणजे एसटीच्या मानाने काहीच नाही. ब्रेकचं पेडल चांगलं कडक आहे, पाय भरून दाबावं लागतं.

पाऊस तर फारच छान केलाय. ट्रॅक एकदम सगळा ओला किंवा सगळा कोरडा होत नाही. पाऊस थांबला की ज्या रेषेवरून गाड्या जातात तेवढा पट्टा आधी वाळतो, बाजूला पाणी तसंच. पुढच्याला मागे टाकायला त्या पट्ट्याबाहेर चाक गेलं की कपाळाला हात. कोरडे टायर कधी चढवायचे हा जुगारच. लवकर चढवले तर घसरगुंडी, उशिरा चढवले तर पावसाळी टायर तापून संपतात.

मी सगळ्यात जास्त खेळतो तो ट्रॅक नुरबुर्गरिंगचा, नॉर्डश्लाइफ. आयफेलच्या डोंगरांत 1927 मध्ये बांधलेला, एक फेरी 20.8 किलोमीटरची. सगळ्यात खालच्या आणि सगळ्यात वरच्या जागेत सुमारे 300 मीटरचा फरक. म्हणजे घाटच, फक्त समोरून कोणी येत नाही. त्यात कारुसेल नावाचं वळण आहे, आतल्या बाजूला काँक्रीटची कललेली खोलगट पट्टी. चढावरून येताना ती दिसतच नाही, अंदाजाने डावी चाकं आत टाकायची. एकदा उतरली की काँक्रीटच्या सांध्यांवरून स्टेअरिंग असं खडखडतं की टेबलावरचा चहा सांडतो. बाहेर पडतानाही घाई करायची नाही, शेवटच्या कडेवर गाडी उडी घेते.

आणि हा ट्रॅक माझ्या घरापासून तासाभरावर आहे. ऑक्टोबरात बघून आलो. शर्यत नसते त्या दिवशी तिकीट काढून कोणीही आपली गाडी घेऊन आत जाऊ शकतं. कायद्याने तो एकेरी टोल रस्ताच धरतात, उजवीकडून ओव्हरटेक केलेलं चालत नाही. मी कुंपणाबाहेर उभा राहून बघितलं. पोर्शच्या मागून मागच्या सीटवर बाळाची खुर्ची असलेली स्टेशन वॅगन गेली, तीही चांगल्या वेगात.

तिथे गेल्यावर पहिली गोष्ट लक्षात आली, उतार. गेममध्ये रस्ता बरोबर आहे, झाडं बरोबर आहेत, डांबरावर लोकांनी रंगवलेली नावंसुद्धा आहेत, पण पडद्यावर उतार सपाट होतो. प्रत्यक्षात तो इतका तीव्र आहे की चालत उतरताना गुडघे बोलतात. आणि दुसरी गोष्ट, ते कठडे. गेममध्ये मी दिवसभर त्यांना गाडी घासतो. गाडी टणकन उडते आणि पुढे जाते. इथे कठडा वाकवलात तर दुरुस्तीचं बिल तुमच्या नावावर येतं, आणि गाडीचं वेगळं.

मला या गेमबद्दल तक्रार असेल तर हीच, भीती नाही. फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर निकी लाउडा याची फेरारी 1 ऑगस्ट 1976 रोजी याच ट्रॅकवर बेर्गवेर्क नावाच्या वळणाच्या अलीकडे पेटली, आणि त्यानंतर फॉर्म्युला वनची शर्यत या जुन्या ट्रॅकवर झालीच नाही. मी तिथून रोज पूर्ण रेस देऊन जातो आणि चुकलो तर बटण दाबून पुन्हा सुरू करतो. तरी गेम शिकवत नाही असं म्हणता येणार नाही. जान मार्डनबरो नावाचा ब्रिटिश मुलगा 2011 मध्ये या गेमच्या आधीच्या भागाच्या खेळाडूंसाठीची स्पर्धा जिंकून खरा ड्रायव्हर झाला, आणि 2013 मध्ये ल मांच्या 24 तासांच्या शर्यतीत त्याच्या संघाने आपल्या वर्गात तिसरा क्रमांक मिळवला. त्याच मुलाची गाडी 2015 मध्ये नॉर्डश्लाइफवर चढाच्या टोकाला हवेत उडाली, कुंपणापलीकडे गेली आणि एक प्रेक्षक गेला. गेममध्ये त्या चढावर मी मजेसाठी उड्या मारत असे. आता तिथे रेसवरचा पाय जरा काढतो.

बाकी रडगाणं किरकोळ. बऱ्याच शर्यतींत सगळे पुढे सोडून तुम्हाला शेवटी ठेवतात, मग एकेकाला मागे टाकत जायचं. याला शर्यत कसं म्हणायचं? ऑनलाइन माणसांशी खेळताना रंगत येते. तिथे वेगाबरोबर वागणुकीचेही गुण असतात, धडका मारल्या की घसरतात. आपल्याकडे हायवेवर हे लावायला हवं.

ताईच्या चिन्मयला सांगा, प्लेस्टेशन 4 वरही चालतो, नवीन यंत्रासाठी हट्ट नको. स्टेअरिंगही नको, साधा कंट्रोलर पुरतो. पण बहुतेक सगळं इंटरनेट असेल तरच उघडतं, तेव्हा आधी घरचं वायफाय सुधारा.

मे महिन्यात तुम्ही दोघं याल तेव्हा तुम्हाला बसवणारच आहे. खुर्ची चाकांची आहे, ब्रेक दाबला की मागे पळते, तिची सोय तोवर करतो. व्हिसाच्या कागदांसाठी दोन्ही पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचे फोटो पाठवा. मागच्या वेळी आईच्या पासपोर्टचा नंबरच कापला गेला होता.

आपला,
संजू