सरसकट भीती नको, फरक समजावून सांगा

संपादक महोदय,

रजोनिवृत्तीनंतरच्या हार्मोन उपचारांचे नाव काढताच ‘कॅन्सर होतो’ एवढेच ऐकू येते. वस्तुतः २००२ मध्ये अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ अभ्यासाचा जो भाग स्तनांच्या कर्करोगाचा धोका वाढल्याने थांबवला गेला, तो इस्ट्रोजेन (स्त्री-हार्मोन) व प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉन या हार्मोनसारखे कृत्रिम औषध) यांच्या एकत्रित गोळीचा होता. गर्भाशय काढलेल्या स्त्रियांमध्ये केवळ इस्ट्रोजेनने स्तनांचा कर्करोग वाढल्याचे आढळले नाही. गर्भाशय असल्यास मात्र त्याच्या अस्तराच्या रक्षणासाठी प्रोजेस्टेरॉनची जोड लागतेच. त्वचेवर लावायच्या पट्टीत किंवा जेलमध्ये रक्ताच्या गुठळीचा धोका गोळीपेक्षा कमी दिसतो. नागपूरच्या मे महिन्यात कूलरसमोर बसूनही घामाने पदर भिजणाऱ्या बाईला ‘वयच झालं’ म्हणून परत पाठवणे अन्यायाचे आहे. शासकीय रुग्णालयांत हा फरक मराठीतून समजावण्याची सोय व्हावी, ही विनंती.

– एक वाचक, नागपूर