बुधवार पेठेतल्या काकांना, एका एलएम ३३९ बद्दल

काका,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र असं उघडच लिहिते आहे. पासोड्या विठोबाजवळचं तुमचं दुकान, शनिवारची संध्याकाळ, आणि मंचरहून आलेली एक शिक्षिका एलएम ३३९ चे, म्हणजे दोन व्होल्टेजची तुलना करणारे चार कंपॅरेटर असलेल्या आयसीचे, आणखी दोन नग मागत होती. तुम्ही डबी उघडायच्या आधी विचारलंत, "पहिल्यांना काय झालं?" त्या प्रश्नासाठी पहिले आभार. नुसते दोन नग देऊन पैसे घेतले असतेत, तर मी सोमवारी पुन्हा तिथेच अडले असते.

बारावीच्या मुलांना ॲनालॉगचं डिजिटल कसं होतं ते दाखवायचं होतं. आर्डुइनो उनो हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड लावला की पडद्यावर ० ते १०२३ मधला आकडा येतो, पण तो बनला कसा हे कोणालाच दिसत नाही. मला ते शेवटच्या बाकावरून दिसायला हवं होतं. म्हणून १ के (१००० ओहम) चे चार रेझिस्टर एकापुढे एक जोडून त्यांना ५ व्होल्ट दिले. मधल्या तीन जोडांवर १.२५, २.५ आणि ३.७५ व्होल्ट. प्रत्येक जोडाला एक कंपॅरेटर, प्रत्येकापुढे एक एलईडी. कंपॅरेटरच्या दुसऱ्या इनपुटला पॉट, म्हणजे फिरवून व्होल्टेज बदलायचा रेझिस्टर. तो फिरवला की दिवे एकेक करून वर चढत जावेत, थर्मामीटरच्या पाऱ्यासारखे. कागदावर सगळं बरोबर होतं. ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डरिंगशिवाय जोडणी करायच्या पाटीवर, मात्र एकही दिवा लागेना. दोनदा आयसी बदलून झाली होती.

तुम्ही माझा बोर्ड उजेडात धरलात, एलईडीचे पाय पाहिलेत आणि म्हणालात, "मॅडम, ही आयसी ढकलत नाही, फक्त ओढते."

हे वाक्य मी तेव्हापासून वर्गात कितीदा म्हटलं असेल! आउटपुटच्या आत वरून करंट देणारं काही नाहीच, फक्त खाली ग्राउंडकडे खेचणारा ट्रान्झिस्टर आहे. 'ओपन कलेक्टर' हा शब्द मी दर वर्षी फळ्यावर लिहीत आले होते. एलईडी मात्र आउटपुट आणि ग्राउंडच्या मध्ये लावून बसले होते. तुम्ही तो उपटून प्लसकडे फिरवलात, मध्ये १.५ के घातलात, आणि दिवा लागला. पण उलटा! पॉट शून्यावर असताना तिन्ही पेटलेले, पूर्ण फिरवला की तिन्ही बंद. मी चटकन रेझिस्टरकडे हात नेला, तर तुम्ही थांबवलंत आणि बिलाच्या मागच्या बाजूला छोटा त्रिकोण काढून प्लस आणि मायनस इनपुटची अदलाबदल मलाच करायला सांगितलीत.

मग तुम्ही विचारलंत, सगळ्यात वरचा जोड किती व्होल्टचा? ३.७५. आणि आयसीला सप्लाय? ५. तेव्हा तुम्ही समजावलंत की या आयसीची इनपुट सप्लायच्या दीड व्होल्ट खालीच नीट चालतात. म्हणजे ५ वर साडेतीनपर्यंत. दोन्ही इनपुट त्याच्या वर गेली की भरवसा नाही. म्हणून आयसी सरळ ९ व्होल्टच्या बॅटरीवर, आणि रेझिस्टरची शिडी व पॉट ७८०५ या स्थिर ५ व्होल्ट देणाऱ्या रेग्युलेटरमधून ५ वर. सप्लायच्या पायांवर, म्हणजे ३ आणि १२ वर, १०४ चा (०.१ मायक्रोफॅरडचा) कपॅसिटरही तुम्हीच बसवलात. तोवर शेजारच्या दुकानांची शटर खाली आली होती.

सोमवारी खोलीचे दिवे मालवून मी पॉट एका मुलीच्या हातात दिला. एक दिवा, दोन, तीन. काहीही न पेटणं हीसुद्धा एक पायरी, म्हणून चार पायऱ्या: ००, ०१, १०, ११. तिनं मीटर लावला आणि विचारलं, "मॅडम, १.४ लाही एकच दिवा आणि २.३ लाही एकच. मग मधलं कुठे गेलं?" काका, मला हाच प्रश्न हवा होता. पुस्तकातली क्वांटायझेशनची, म्हणजे सलग व्होल्टेज ठरावीक पायऱ्यांत बसवण्याची, व्याख्या मुलं पाठ करतात, पण मधलं काहीतरी हरवतंय हे कुणाला जाणवलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. तास तिथेच रंगला. पायऱ्या बारीक करू म्हणाली मुलं. ८ बिटला २५६ पायऱ्या, एक पायरी साधारण २० मिलिव्होल्टची, त्यासाठी २५५ कंपॅरेटर. एका आयसीत चार, म्हणजे ६४ आयसी! मग एकाच कंपॅरेटरनं, अर्ध्या-अर्ध्यानं अंदाज घेत, आठ फेऱ्यांत तेच काम कसं होतं हे सांगायला मला फार बोलावंच लागलं नाही.

एकानं विचारलं, आयसीतला चौथा रिकामा आहे, मग पाच पायऱ्या का नाहीत? दोन बिटांत चारच खुणा बसतात, पाचवीला नाव काय देणार, असं दुसऱ्यानंच त्याला सांगितलं.

तुम्ही काढलेला तो त्रिकोण बिलासकट प्रयोगशाळेच्या कपाटावर चिकटवला आहे. आता मुलांना तीन बिटांचा करायचाय, सात कंपॅरेटरचा. येत्या शनिवारी मी येते आहे, त्यातली दोन मुलंही बरोबर असतील. एलएम ३३९ चे दोन नग काढून ठेवा. तुमचं नावही त्या वेळी विचारीन.

आपली,
मंचरची इलेक्ट्रॉनिक्सची शिक्षिका