गीतांतील शंका ही अश्रद्धा नव्हे

महोदय,

मृत्यूची भीती, जगण्याची निरर्थकता आणि देवावरचा डळमळता विश्वास गीतांमधून वारंवार येऊ लागल्याने ऐकणारे निराश व श्रद्धाहीन होतात, असा आक्षेप अनेकदा घेतला जातो. तो मला पटत नाही, कारण ही अस्वस्थता नवी नाही आणि धर्माबाहेरून आलेली तर मुळीच नाही. सतराव्या शतकात तुकोबांनी ‘माझे लेखी देव मेला’ असे अभंगातच म्हटले, आणि गाथेने ते जपले. बायबलमधील बहुतेक विलापस्तोत्रे अखेरीस ईश्वरावरील भरवशाकडे वळतात. 88वे स्तोत्र मात्र अंधाराच्या उल्लेखावरच थांबते, तरीही ते प्रार्थनेतून कोणी काढून टाकलेले नाही. कॅनडातील ज्यू गायक-कवी लिओनार्ड कोहेन यांनी 2016 मध्ये, निधनाच्या काही आठवडे आधी आलेल्या गीतात ईश्वराला थेट जाब विचारला, तोही सिनेगॉगमधील (ज्यू प्रार्थनास्थळातील) गायकवृंदाला सोबत घेऊन.

ज्याचे देवाशी नातेच उरलेले नाही, तो त्याच्याशी भांडत बसत नाही. अर्थात राख, काळोख, पोकळी अशा शब्दांची नुसती आरास मांडणारी गीतेही पुष्कळ आहेत (आणि ती कंटाळवाणी असतात, हा त्यांचा खरा दोष). परंतु त्यांच्यामुळे प्रामाणिक शंकेलाही दोषी ठरवणाऱ्यांनी आधी ते गीत कोणाला उद्देशून लिहिले आहे, हे तरी पाहावे, कारण पुष्कळदा ते देवालाच उद्देशून असते.

– एक वाचक